लाटणें आणि लाल ज्वारी

राजकीय इतिहासकारास १९७२ हें साल निवडणुकीचें वाटेल. मुंबईच्या चाळींतील गृहिणीच्या आठवणींत तें राहिलें लाल ज्वारीचें. त्या वर्षीं महाराष्ट्रांत भीषण दुष्काळ पडला. खेड्यांतील लाखों स्त्रीपुरुष दुष्काळी कामांवर खडी फोडूं लागले व तेथें मिळणाऱ्या सुकडीवर मुलांस जगवूं लागले. शहरांत रेशनच्या रांगेंत तासन् तास उभें राहिल्यावर अमेरिकेहून आलेली 'मिलो' पदरांत पडे. तिची भाकर पुष्कळांच्या घशाखालीं उतरत नसे.

याच सालीं मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर प्रभृति स्त्रियांनीं महागाईविरुद्ध संयुक्त महिला समिति स्थापिली आणि लाटण्यांचे मोर्चे निघूं लागले. विनोदी चित्रांत लाटणें नेहमीं बिचाऱ्या नवऱ्यावर उगारलेलें असे. तें सरकारावर उगारलेलें पाहून हंसणारे हंसले, पण लवकरच गप्प झाले.

करमणूक थांबली नव्हती. 'पिंजरा' याच वर्षाचा; २ ऑक्टोबरला मुंबईस दूरदर्शन केंद्र सुरू झालें आणि ज्याच्या घरीं संच, त्याच्या घरीं सारी चाळ लोटूं लागली. पुढल्या ऑक्टोबरांत अरब-इस्रायल युद्ध पेटलें, जानेवारी १९७४ पर्यंत खनिज तेलाचा भाव सुमारें चौपट झाला, आणि वाळवंटांतील ती वार्ता आमच्या स्टोव्हपर्यंत येऊन पोंचली.

त्या दिवसांच्या घरखर्चाच्या वह्या कोणाच्या ट्रंकेंत अद्याप असतील, तर कृपा करून त्या रद्दीवाल्यास देऊं नयेत.