ट्राम येणार म्हणून वेधशाळा हलली

सेलूच्या स्टेशनात रुळांच्या वरून आता विजेची तार जाते. माझ्या लहानपणी इथे फक्त डिझेलची इंजिनं यायची, त्यामुळे त्या तारेकडे माझं अजूनही लक्ष जातंच. गेल्या खेपेला घरून परत निघालो तेव्हा प्लॅटफॉर्मवर उभ्या उभ्या डोक्यात एक हिशोब सुरू झाला. तार तांब्याची, साधारण १२ मिलिमीटर जाडीची. इंजिनाने जोर लावला की तीतून समजा २०० अँपिअर प्रवाह जातो. मग तिच्याखाली उभ्या असलेल्या माझ्या डोक्यापाशी चुंबकीय क्षेत्र किती?

फर्स्ट इयरला आपण सगळ्यांनीच हे घोकलेलं असतं. गोल तारेच्या बरोब्बर मध्यभागी क्षेत्र शून्य. मध्यापासून पृष्ठभागाकडे जाल तसं ते सरळ रेषेत वाढतं, पृष्ठभागावर सर्वांत जास्त होतं आणि बाहेर पडलं की अंतराच्या प्रमाणात कमी होत जातं. गंमत म्हणजे बाहेरून बघणाऱ्याला तारेची जाडी कळतच नाही. सगळा प्रवाह मधल्या एका रेषेतूनच जातोय असं वाटतं. माझ्या तारेच्या अगदी कातडीवर हे क्षेत्र पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या दीडशे पट निघालं. चार मीटरवर, म्हणजे डोक्यापाशी, १० मायक्रोटेस्ला. पृथ्वीचं आपल्याकडे ४० ते ४५ च्या घरात असतं, म्हणजे जवळजवळ चौथा हिस्सा! (रुळातून परत जाणारा प्रवाह मी तूर्त सोडून दिलाय.) तरी खिशातलं होकायंत्र वेडंवाकडं फिरत नाही, कारण हा एसी प्रवाह सेकंदाला ५० वेळा मागे-पुढे होतो. सुई बिचारी कुणाचं ऐकणार?

डीसी असता तर मात्र तिने ऐकलं असतं. आणि एकदा महाराष्ट्रात याच कारणाने एक अख्खी वेधशाळा उठून दुसऱ्या गावाला गेली. ही गोष्ट आपल्याकडे फारशी कुणाला माहीत नसते, म्हणून हा लेख.

तारेतल्या प्रवाहाने चुंबकसुई हलते हे ओर्स्टेडने १८२० च्या जुलैमध्ये जाहीर केलं. त्याच वर्षी पॅरिसमध्ये बियो आणि सावार यांनी लांब तारेजवळ सुई टांगून, तिची आंदोलनं मोजून अंतराचा नियम काढला. मुंबईत कुलाब्याची वेधशाळा १८२६ मध्ये सुरू झाली आणि १८४१ पासून तिथे पृथ्वीचं चुंबकत्व मोजू लागले. 'दर्पण'वाले बाळशास्त्री जांभेकर यांनीही काही काळ तिचा कारभार पाहिला होता. (पत्रकार दिनाच्या भाषणांत हे सहसा येत नाही. असो.) टांगलेल्या चुंबकाची स्थिती डोळ्यांनी वाचायची आणि वहीत लिहायची, रात्रंदिवस. कंटाळवाणं काम, पण २ सप्टेंबर १८५९ ला त्याचं चीज झालं. आदल्या दिवशी इंग्लंडमध्ये कॅरिंग्टनने सूर्यावर एक लखलखाट पाहिला होता. त्या सौर वादळाने पृथ्वीला गाठलं तेव्हा कुलाब्याच्या नोंदीत आडवं क्षेत्र सुमारे १६०० नॅनोटेस्लाने कोसळलेलं दिसतं. २००३ मध्ये शास्त्रज्ञांनी त्या वादळाची ताकद नव्याने मोजली ती याच आकड्यांवरून.

अशी साठेक वर्षांची माळ गुंफून झाली आणि ट्राम आली. म्हणजे घोड्यांची ट्राम १८७४ पासून कुलाबा ते पायधुणी धावतच होती, तिचा चुंबकाला काही त्रास नव्हता. पण १९०० नंतर ती विजेवर चालवायचं ठरू लागलं. त्या विजेचा प्रवाह डीसी.

आता कुणी म्हणेल, वरच्या तारेतून प्रवाह जातो आणि रुळातून परत येतो, दोन्ही उलट दिशांना, मग क्षेत्रं एकमेकांना खोडणार नाहीत का? खोडतील की. ५०० अँपिअर धरा, तार रुळापासून ६ मीटर उंच धरा, तर एक किलोमीटरवर अर्ध्या-पाऊण नॅनोटेस्लाहून जास्त उरत नाही. पण रूळ जमिनीवर टेकलेले असतात. परतीचा काही प्रवाह त्यांना सोडून जमिनीत, पाण्याच्या पाइपांत वाट्टेल तसा भटकतो. समजा १०० अँपिअर असे भटकले. तेवढी खोडाखोड होत नाही, आणि एक किलोमीटरवर २० नॅनोटेस्ला येऊन बसतात. मुंबईत पृथ्वीच्या क्षेत्रातला रोजचा नैसर्गिक चढउतारच ५० च्या आसपास असतो. म्हणजे दर वेळी ट्राम सुटली की सुई हलणार, आणि सूर्य कुठला नि ट्राम कुठली हे कुणाला सांगता येणार नाही. टोरोंटोची वेधशाळा याच कारणाने १८९८ मध्ये शहराबाहेर गेली होती. लंडनजवळच्या क्यू इथलं चुंबकीय काम १९०८ मध्ये थेट स्कॉटलंडला गेलं.

कुलाब्याचे संचालक तेव्हा नानाभाई मूस होते. त्यांनी समुद्रापलीकडे, दक्षिणेला तीसेक किलोमीटरवर अलिबाग निवडलं. एवढ्या अंतरावर तेच १०० अँपिअर एक नॅनोटेस्लाच्याही आत येतात. (अलिबाग हे तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्याचं मुख्य ठिकाण. वेधशाळा कुलाब्यातून कुलाबा जिल्ह्यात गेली म्हणायची!) इमारतीला आपला नेहमीचा काळा दगड चालला नसता, कारण बेसॉल्टमध्ये मॅग्नेटाइट असतं, तो स्वतःच थोडा चुंबक. म्हणून पोरबंदरचा दगड आणला आणि खिळे-बिजागऱ्या पितळ-तांब्याच्या बसवल्या.

पण मला मूस आवडतात ते पुढच्या गोष्टीसाठी. अलिबागला काम १९०४ मध्ये सुरू झालं तरी कुलाबा लगेच बंद केलं नाही. १९०६ पर्यंत दोन्हीकडे एकाच वेळी मोजमाप चालू ठेवलं, म्हणजे दोन जागांमधला फरक नेमका कळेल आणि जुनी माळ नव्या माळेला गाठ न दिसता जोडता येईल. आपल्या धंद्यात याला पॅरलल रन म्हणतात. जुनी सिस्टीम बंद करायच्या आधी महिनाभर तरी दोन्ही चालवा म्हटलं की मॅनेजरच्या कपाळावर आठ्या पडतात. इथे दोन वर्षं!

विजेची ट्राम ७ मे १९०७ ला सुरू झाली. मूस यांनी १८४६ ते १९०५ अशी साठ वर्षांची कुलाब्याची आकडेवारी दोन खंडांत बांधून १९१० मध्ये प्रसिद्ध केली. मुंबईतली शेवटची ट्राम ३१ मार्च १९६४ ला धावली. अलिबागची वेधशाळा पुढे १९७१ मध्ये झालेल्या भारतीय भूचुंबकत्व संस्थेकडे गेली आणि तिथल्या नोंदी आजही चालू आहेत.