बर्फातला लांडगा कुठला?

अलिबाग, मुरूड, श्रीवर्धनकडच्या मुलांनी दोन गोष्टी सहसा पाहिलेल्या नसतात: बर्फ आणि लांडगा. तरीही लांडग्याचं चित्र काढायला सांगितलं, तर अनेक मुलं गळ्याभोवती दाट केस असलेला, करड्या रंगाचा, धिप्पाड प्राणी काढतात. काहीजण त्याच्या पायाखाली बर्फही दाखवतात. हे चित्र त्यांच्याकडे तक्त्यांतून, गोष्टीच्या पुस्तकांतून आणि आता मोबाइलवरून आलेलं असतं. ते मुळात कुठून आलं, याचा शोध घेऊ लागलं की आपण बऱ्याचदा एखाद्या थंड देशातल्या, कुंपण घातलेल्या जागेत जाऊन पोचतो.

आपल्या लांडग्याची शास्त्रीय ओळख मात्र महाराष्ट्रातच झाली. मुंबई सरकारसाठी दख्खनची सांख्यिकी माहिती गोळा करणारे लष्करी अधिकारी विल्यम हेन्री साइक्स यांनी १८३१ मध्ये लंडनच्या प्राणिशास्त्र संस्थेपुढे दख्खनच्या सस्तन प्राण्यांची यादी मांडली. तीत त्यांनी इथल्या लांडग्याला ‘कॅनिस पॅलिपेस’ हे नाव दिलं. पॅलिपेस म्हणजे फिक्या पायांचा. सोबत मराठी नावंही नोंदवली, त्यामुळे आपला लांडगा, कोळसून आणि कोकरी ही नावं लंडनच्या त्या छापील पानांवर गेली. हा प्राणी दख्खनच्या उघड्या, खडकाळ माळांवर पुष्कळ आहे, पण घाटातल्या रानांत आढळत नाही, असंही साइक्सनी लिहून ठेवलं. म्हणजे कोकणातल्या मुलांनी लांडगा का पाहिलेला नाही, याचं उत्तर जवळजवळ दोनशे वर्षांपूर्वी छापलं गेलं होतं! घाट उतरून समुद्राकडे आलं की लांडग्याचा मुलूख संपतो आणि कोल्ह्याचा उरतो.

साइक्सच्या यादीच्या वेळी फोटोग्राफी जाहीरही झालेली नव्हती. ती जाहीर झाली १८३९ मध्ये. सुरुवातीच्या काचा इतक्या मंद होत्या की हलणारी वस्तू धूसर उमटायची. त्यामुळे प्राण्यांचे पहिले बरे फोटो निघाले ते प्राणिसंग्रहालयांत. १८५२ साली काउंट ऑफ माँटिझोन यांनी लंडनच्या प्राणिसंग्रहालयातल्या पाणघोड्याचा फोटो घेतला. पाणघोडा आडवा पडलेला आहे आणि गजांपलीकडून माणसं बघताहेत. मला हा फोटो प्रामाणिक वाटतो, कारण त्यात गज लपवलेले नाहीत.

रानातल्या प्राण्याचा फोटो ही फार कष्टाची गोष्ट होती. १९२० च्या दशकात हिमालयाच्या पायथ्याच्या जंगलांत एफ. डब्ल्यू. चँपियन या वनाधिकाऱ्याने वाटेवर तार ताणून ठेवायला सुरुवात केली. रात्री वाघाचा पाय तारेला लागला की झगझगीत उजेड पडे आणि वाघ स्वतःच स्वतःचा फोटो काढे. त्यांचं पुस्तक १९२७ साली निघालं. पण इतका धीर किती जणांकडे असणार?

मग पिंजऱ्यातला लांडगा सोयीचा ठरला, आणि तोही हिवाळ्यात. कारण सरळ आहे. थंड देशातल्या लांडग्याच्या कातडीला थंडीच्या तोंडावर बारीक लोकरीचा दाट आतला थर येतो आणि त्यावर लांब, राठ केसांचा बाहेरचा थर असतो. वसंतात ही लोकर झुबक्यांनी गळते. उन्हाळ्यातला तोच लांडगा पाहिला तर तो लांब पायांचा, किडकिडीत आणि जागोजागी केस उपटल्यासारखा दिसतो. असा फोटो दिनदर्शिकेवर कोण लावेल? हिवाळ्यात ऊनही तिरपं आणि मऊ असतं, उच्छ्वासाची वाफ दिसते, आणि बर्फामुळे पार्श्वभूमी कोरी होते. कुंपणाचे खांब आणि शेजारची इमारत तेवढी चौकटीबाहेर ठेवायची.

यात दोन गमती आहेत, त्या वर्गात करून दाखवता येतील. पहिली जाळीची. कोळ्याच्या जाळ्याचा एक तुकडा आणा. सावलीत उभं राहून एक डोळा मिटा, जाळं दुसऱ्या डोळ्यापासून दोन-तीन बोटांवर धरा आणि लांबच्या माडाकडे पाहा. माड स्पष्ट दिसतो, जाळं विरघळल्यासारखं होतं. आता जाळं हातभर लांब न्या. त्याचे दोरे पुन्हा दिसू लागतात. (सावलीतच करा, कारण उन्हात डोळ्याची बाहुली आकसते आणि परिणाम कमी होतो.) फोटोग्राफर हेच करतो. भिंग जाळीला टेकवतो, त्याचं छिद्र मोठं ठेवतो, आणि जाळी नाहीशी होते. दुसरी गंमत बर्फाची. कॅमेऱ्यातला प्रकाशमापक समोरचं दृश्य मध्यम करड्या रंगाचं आहे असं धरून चालतो. त्याच्यावर विसंबलात तर पांढरा बर्फ मळकट करडा येतो. म्हणून मापक सांगेल त्याच्या दुप्पट किंवा त्याहूनही जास्त प्रकाश मुद्दाम द्यावा लागतो. म्हणजे बर्फाचा ‘खरा’ रंग मिळवायलाही यंत्राचं ऐकायचं नसतं.

इथवर फसवणूक नाही, कौशल्य आहे. प्रश्न येतो तो फोटोखालच्या ओळीचा. २००९ साली लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमच्या वन्यजीव छायाचित्र स्पर्धेत पहिलं बक्षीस मिळालं ते स्पेनच्या होसे लुईस रोद्रिगेस यांच्या फोटोला. रात्रीच्या काळोखात लाकडी फाटकावरून आत उडी घेणारा लांडगा! लोककथेतला लांडगाच जणू. पण स्पेनमधल्या काही फोटोग्राफरांना हा प्राणी ओळखीचा वाटला. शिवाय रानटी लांडगा फाटकाच्या फटीतून घुसेल, उडी कशाला मारेल, अशीही शंका निघाली. जानेवारी २०१० मध्ये बक्षीस काढून घेण्यात आलं. माद्रिदजवळच्या एका प्राणी उद्यानातला, फोटोसाठी भाड्याने मिळणारा ओशन नावाचा हा पाळीव लांडगा असावा, असं परीक्षकांचं मत झालं. रोद्रिगेस यांनी ते नाकारलं.

एका बक्षिसाचं काय एवढं, असं वाटेल. पण बंदिस्त लांडग्याने विज्ञानालाही चकवलं आहे. स्वित्झर्लंडच्या बाझल प्राणिसंग्रहालयात रुडॉल्फ शेंकेल यांनी १९३० च्या दशकापासून लांडग्यांचं निरीक्षण केलं. निरनिराळ्या ठिकाणचे लांडगे एका लहान आवारात एकत्र ठेवलेले, पळायला जागा नाही. हिवाळा हा त्यांचा विणीचा काळ, तेव्हा भांडणं टिपेला जात. शेंकेल यांनी १९४७ मध्ये लिहिलं की कळपात सतत चढाओढ असते आणि जिंकणारी जोडी वर राहते. याच लिखाणातून ‘अल्फा लांडगा’ जन्मला. अमेरिकन अभ्यासक डेव्हिड मेक यांच्या १९७० च्या पुस्तकाने तो घरोघरी नेला. पुढे याच मेक यांनी उत्तर कॅनडातल्या एल्समिअर बेटावर १३ उन्हाळे मोकळ्या लांडग्यांजवळ काढले. तिथे त्यांना दिसलं ते एक कुटुंब: आई, बाप आणि त्यांची पिल्लं. मोठी झालेली पिल्लं घर सोडून जातात, गादीसाठी लढत नाहीत. १९९९ मध्ये त्यांनी तसं लिहिलं, आणि स्वतःचं जुनं पुस्तक छापणं थांबवा म्हणून प्रकाशकाच्या मागे लागले. ते थांबलं २०२२ मध्ये. ‘अल्फा’ हा शब्द मात्र अजून माणसांनाही चिकटवला जातो.

शेंकेल पिंजऱ्यासमोर बसले त्याच्या थोडं आधी आपल्या किनाऱ्यावर नेमकं उलटं काम झालं होतं. जर्मनीहून शिकून परतलेले सलीम अली नोकरी नसल्यामुळे १९३० मध्ये अलिबागजवळच्या किहीमला येऊन राहिले. तिथे सुगरणींची वसाहत होती. त्यांनी शिडीवर कापडी आडोसा बांधला आणि पावसाळ्यात दिवसच्या दिवस त्यात बसून काढले. नर घरटं अर्धं बांधतो, मादी ते तपासते, पसंत पडलं तर त्यात राहते, आणि नर दुसऱ्या घरट्याला लागतो, हे तिथे उलगडलं. निबंध १९३१ मध्ये प्रसिद्ध झाला. हेच पक्षी पिंजऱ्यात ठेवले असते तर मादीची निवड दिसलीच नसती, कारण निवडायला काही उरलंच नसतं.

आता आपल्या लांडग्याकडे परत येऊ. त्याचा हिवाळा चित्रातल्यासारखा नसतो. त्याला दाट लोकर येत नाही, आणि तो उत्तरेकडच्या भावंडांहून बराच हलका असतो. दख्खनच्या माळांवर हिवाळा म्हणजे पिल्लांचा हंगाम. मादी डिसेंबर-जानेवारीच्या सुमारास बिळात वितं. गवत वाळलेलं, ऊन सोनेरी, पिल्लं बिळाच्या तोंडाशी: फोटोसाठी याहून चांगला काळ नाही आणि लांडग्यांसाठी याहून नाजूक काळ नाही. गाड्या बिळाजवळ येऊ लागल्या की मादी पिल्लं तोंडात धरून दुसरीकडे हलवते. देशात हा प्राणी दोन-तीन हजारांच्या आसपासच उरला असावा असा अंदाज आहे. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत त्याचं नाव आहे, पण त्याचा माळ मात्र सरकारी कागदावर अनेकदा ‘पडीक’ म्हणूनच नोंदलेला असतो.

रायगडच्या मुलांना त्यांच्या गावचं जनावर दाखवायचं असेल तर तक्त्यावर कोल्हा हवा, तिवरांच्या चिखलात खेकडे शोधणारा. पनवेल तालुक्यातल्या खारघरच्या खाडीकाठीही तो दिसतो. मुंबईभोवतालच्या कांदळवनांत अलीकडे त्याचा अभ्यास सुरू झाला आहे आणि त्यासाठी स्वयंचलित कॅमेरे वापरले जातात. चँपियनच्या तारेची जागा आता अंगाची ऊब ओळखणाऱ्या यंत्राने घेतली आहे. या कॅमेऱ्यांतले रात्रीचे फोटो काळेपांढरे येतात, डोळे चकाकतात, आणि कित्येकदा नुसती शेपटीच चौकटीत सापडते.