भाठ्याची गुरं आणि कारखान्याचा अर्ज

रायपूरहून बिलासपूर रस्त्याने निघालं की भनपुरी, बिरगाव, उरला, सिलतरा अशी गावं लागतात. आज ही नावं काढली की रोलिंग मिल आणि स्पंज आयर्नच्या भट्ट्याच डोळ्यांसमोर येतात. मी महसुली वकिली केली, त्यातही बहुतेक डायव्हर्शनची, म्हणजे महाराष्ट्रातल्या एन.ए.ची. कारखान्यासाठी जमिनीचा वापर बदलून मागणारा अर्ज आला की समोरचा माणूस आधी खसरा आणि बी-वन हे जमिनीचे उतारे पुढे करतो. मी आधी निस्तार पत्रक मागायचे. गावानं पाणी कुठलं घ्यायचं, गुरं कुठे चारायची, माती-मुरूम कुठून काढायचा, प्रेतं कुठे न्यायची, हे त्या कागदावर लिहिलेलं असतं.

छत्तीसगडचा शेतकरी जमीन चार नावांनी ओळखतो. कन्हार काळी, ओल धरणारी. मटासी पिवळसर, धानाची. डोरसा या दोन्हींच्या मधली. आणि भाठा, उंचवट्यावरची तांबडी मुरमाड जमीन, जिच्यात नांगर धड चालत नाही. भाठ्यावर पीक नाही म्हणून सारा नाही, आणि सारा नाही म्हणून सरकारदरबारी तिला किंमत नाही. पण खाली धान उभं असताना गावाच्या गुरांना दुसरी जागाच नसते. सकाळी राऊत, म्हणजे गावचा गुराखी, घरोघरची गुरं दैहानात गोळा करतो आणि ती बरदी, म्हणजे कळप, भाठ्यावर नेतो. दिवाळीच्या सुमारास तोच राऊत पळसाच्या मुळाच्या तंतूंची सोहई वळून गाईच्या गळ्यात बांधतो आणि घरधनी त्याला सुपात धान देतो. हा सगळा व्यवहार त्या 'पडीत' जमिनीवर उभा आहे.

या मुलखात जमिनीची वाटणी एकेकाळी गावातच व्हायची. लाखाबाटा नावाची रीत होती. गावाची शेती मातीच्या जातीप्रमाणे तुकड्यांत पाडायची आणि प्रत्येक नांगरामागे प्रत्येक जातीच्या मातीतला थोडा थोडा वाटा द्यायचा, म्हणजे सगळी कन्हार एकाच्या पदरात आणि सगळी खडकाळ दुसऱ्याच्या, असं होत नसे. काही वर्षांनी वाटे विषम झाल्याची ओरड झाली की पुन्हा नव्याने वाटप. रीत निर्दोष होती असं मी म्हणणार नाही. गावच्या प्रमुखाचा वाटा मोठाच असायचा. पण कुठल्या जमिनीचा कशासाठी उपयोग करायचा, याचा वाद गावासमोर, शेताच्या बांधावर उभं राहून व्हायचा.

1758 पासून नागपूरच्या भोसले घराण्यातले बिंबाजी रतनपूरहून कारभार पाहू लागले आणि मराठी कुटुंबं या भागात स्थिरावली. 1818 मध्ये इंग्रजांनी देखरेख हाती घेतली तेव्हा कर्नल अ‍ॅग्न्यूने कारभाराचं ठाणं रतनपूरहून रायपूरला आणलं, आणि 1854 मध्ये नागपूरचं राज्यच खालसा झालं. खरा बदल त्यानंतरचा. 1860 च्या दशकातल्या महसुली बंदोबस्तात गावाचा सारा भरणाऱ्याला मालगुजार म्हणून गावाची मालकीच मिळाली. मालगुजारांत आमच्यासारखी रायपूरच्या तात्यापाऱ्यातली मराठी घरंही होती. पुढे कुळांना आपापल्या शेतावर कायमचे हक्क मिळाले, ते योग्यच होतं. पण एकदा शेत कायमचं झालं की फेरवाटप कसलं? लाखाबाटा विरत गेला. भाठा मात्र मालगुजाराच्या नावावर राहिला आणि गावाकडे उरला तो निस्ताराचा हक्क.

31 मार्च 1951 ला मध्य प्रदेशात मालगुजारी संपली. पडीत, गवताळ आणि झुडपी जमीन राज्याकडे गेली. 1959 च्या भू-राजस्व संहितेने निस्तार पत्रक आणि वाजिब-उल-अर्ज, म्हणजे गावच्या वहिवाटींची नोंद, कायम ठेवले, चराईसाठी जमीन राखून ठेवायची तरतूद केली, आणि त्याच संहितेच्या 172 व्या कलमात डायव्हर्शनची वाटही दिली. त्याच वर्षी 4 फेब्रुवारीला भिलाईची पहिली झोतभट्टी सुरू झाली होती. लोखंड दल्ली-राजहऱ्याचं, कोळसा कोरब्याचा, रेल्वे दारात. रायपूरच्या उत्तरेला कारखाने येणार हे ठरल्यासारखंच होतं. जागा शोधताना नकाशावर सर्वांत स्वस्त, सर्वांत मोकळा दिसला तो भाठा. 1991 नंतर परवाने सुटले आणि फिरत्या भट्टीत खनिज आणि कोळसा तापवून स्पंज आयर्न काढणारे कारखाने झपाट्याने वाढले. रोजगार आला, शहर वाढलं. ते नाकारण्यात अर्थ नाही. काळी धूळही आली. पहाटे अंगणातल्या तुळशीच्या पानावरून बोट फिरवलं की ते काळं होतं.

जमिनीचे वापर नकाशावर आखून द्यायची कल्पना जगभर पसरली आहे. अमेरिकेत ओहायोतल्या युक्लिड गावाने उद्योगासाठी राखून ठेवलेली एका कंपनीची जमीन काही अंशी वस्तीसाठी नेमली, कंपनी कोर्टात गेली, आणि 1926 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गावाचा अधिकार मान्य केला. आपल्याकडे 1973 चा नगर तथा ग्राम निवेश अधिनियम आहे. विकास योजनेचा मसुदा प्रसिद्ध झाला की दावे-आपत्तींसाठी, म्हणजे हरकतींसाठी, किमान तीस दिवस मिळतात. कागदावर हे ठीकच दिसतं.

एका प्रकरणाची फाईल मला आजही पानागणिक आठवते. अर्जात 'पडत भूमी, मौक्यावर रिक्त' असं लिहिलं होतं. पंचनाम्यावर सहा अंगठे. मी मौक्यावर गेले तेव्हा मुरमात गुरांच्या खुरांनी पडलेली वाट दिसली, घोट्याइतकी खोल, थेट तळ्यापर्यंत. इतकी वाट एका-दोन पावसाळ्यांत पडत नाही. निस्तार पत्रकाच्या नकलेत त्याच खसऱ्यापुढे चराई लिहिलेली निघाली. सुनावणीत एका म्हाताऱ्या राऊताने एवढंच विचारलं, "साहेब, भादव्यात बरदी कुठे नेऊ?" त्याचं उत्तर कुणाकडेच नव्हतं. शेवटी तळ्याकडची पट्टी आणि वाट वगळून बाकीच्या जमिनीला परवानगी मिळाली.

28 जानेवारी 2011 रोजी सर्वोच्च न्यायालयाने जगपाल सिंग प्रकरणात गावाच्या सामाईक जमिनींवरची अतिक्रमणं हटवण्याचे आदेश सगळ्या राज्यांना दिले. 2020 च्या हरेलीच्या सणाला छत्तीसगड सरकारने शेण दोन रुपये किलोने विकत घ्यायला सुरुवात केली आणि गावोगावी गौठानं, म्हणजे गुरं ठेवायच्या जागा, उभी केली. त्यासाठी जागा शोधताना ज्या गावांचा भाठा आधीच गेला होता, तिथे पंचायतींची किती ओढाताण झाली, ते मी जवळून पाहिलं.

म्हणून मागणं साधं आहे. औद्योगिक वापराच्या प्रत्येक अर्जाला निस्तार पत्रकाची नक्कल जोडलेली असावी. इश्तेहार तहसीलच्या फळ्यावर चिकटवून न थांबता कोटवाराने, म्हणजे गावच्या चौकीदाराने, कुठली चराई, कुठलं तळं, कुठली वाट जाणार आहे ते गल्लीगल्लीत ओरडून सांगावं. आणि आपत्तीची मुदत बियासीच्या दिवसांत लावू नये. तेव्हा सगळं गाव गुडघाभर चिखलात, धानात नांगर घालत असतं आणि तहसिलीत कुणीच येऊ शकत नाही.