इंग्रजीच्या गराड्यात फ्रेंच गाणे: क्यूबेकच्या संगीताला पैसा येतो कुठून?

१७ जुलै २०२३ रोजी कॅनडातील क्यूबेक शहराच्या उन्हाळी महोत्सवात 'ले काउबॉइज फ्रँगाँ' या बँडचा कार्यक्रम झाला. तो ऐकायला सुमारे ९० हजार लोक जमले होते. मुख्य गायक कार्ल ट्रॅम्ब्ले तेव्हा कर्करोगाशी झुंजत होता. नोव्हेंबरमध्ये तो गेला. क्यूबेक सरकारने त्याला राष्ट्रीय सन्मानाने निरोप दिला आणि माँट्रियलचे बेल सेंटर श्रद्धांजलीसाठी भरून गेले. त्याच दिवसांत टोरांटो-व्हँकुव्हरकडच्या अनेकांना मात्र हा बँड मुळात कोण, हे बातम्यांतून समजून घ्यावे लागत होते. बँडने पंचवीसहून अधिक वर्षे फ्रेंचमध्येच गाणी केली आणि त्याचे अल्बम 'ला ट्रिब्यू' या माँट्रियलच्या स्वतंत्र कंपनीने काढले.

एकाच देशात एक बँड एका भागात घराघरात पोचलेला आणि दुसऱ्या भागात जवळजवळ अनोळखी असतो. क्यूबेकच्या संगीतव्यवसायाचे बळ आणि त्याची अडचण दोन्ही यातच आहेत.

लहान बाजार, तोच खर्च

क्यूबेकची लोकसंख्या २०२१ च्या जनगणनेत साधारण ८५ लाख होती, म्हणजे आपल्या मुंबईपेक्षाही कमी. त्यातल्या चारपैकी तिघांची मातृभाषा फ्रेंच आहे. बाहेर न्यू ब्रन्सविक, ऑन्टारिओ, मॅनिटोबा या प्रांतांत फ्रेंच भाषक विखुरलेले आहेत. संपूर्ण कॅनडाचा विचार केला तर फ्रेंच ही पहिली अधिकृत भाषा असणारे लोक एकवीस टक्क्यांच्या आसपास भरतात. त्यांच्याभोवती कॅनडा आणि अमेरिका मिळून सदतीस कोटींच्या घरातला मुख्यतः इंग्रजी बाजार आहे.

स्टुडिओचे भाडे, वादकांचे मानधन, मिक्सिंग, छायाचित्रे, व्हिडिओ, जाहिरात यांचा खर्च श्रोते किती आहेत हे पाहून कमी होत नाही. इंग्रजी अल्बमचा खर्च संभाव्य कोट्यवधी श्रोत्यांवर वाटला जातो, फ्रेंच अल्बमचा काही लाखांवर. फ्रान्सची बाजारपेठ आहे, पण ती समुद्रापलीकडे आहे आणि तिथे पॅरिसच्या कलाकारांशी गाठ असते. सेलिन डियाँसारखे अपवाद आहेत. तिचा १९९५ चा 'दो' हा फ्रेंच अल्बम जगभर खपला, पण त्याची गाणी फ्रान्सच्या जाँ-जाक गोल्डमनने लिहिली होती आणि तोवर ती इंग्रजीतही गाऊ लागली होती. १९९० मध्ये पहिला इंग्रजी अल्बम आल्यावर 'वर्षातील इंग्रजी कलाकार' हा फेलिक्स पुरस्कार तिने व्यासपीठावरच नाकारला. आपण इंग्रजी कलाकार नाही, असे तिचे म्हणणे होते. भाषेचा प्रश्न तिथे किती हळवा आहे, हे त्या एका नकारावरून कळते.

आधी रेडिओ

या व्यवस्थेचा पाया अनुदानापेक्षा रेडिओने घातला. कॅनडात प्रसारणाचे परवाने सीआरटीसी हा केंद्रीय नियामक आयोग देतो. १९७१ पासून आयोगाने रेडिओवर किमान तीस टक्के कॅनेडियन संगीत सक्तीचे केले. पुढे १९९८ च्या धोरणात हे प्रमाण पस्तीस टक्के झाले. फ्रेंच रेडिओ केंद्रांसाठी त्याच्या जोडीला, सत्तरच्या दशकापासूनच, भाषेचीही अट आली.

आजचा नियम असा: फ्रेंच भाषेतील व्यावसायिक केंद्राने आठवड्याभरात वाजवलेल्या लोकप्रिय गायनसंगीतापैकी किमान ६५ टक्के गाणी फ्रेंच हवीत. शिवाय सोमवार ते शुक्रवार, सकाळी सहा ते संध्याकाळी सहा या वेळेत हे प्रमाण ५५ टक्क्यांखाली जाता कामा नये. दुसरी अट अनुभवातून आलेली आहे. ती नसती तर केंद्रांनी फ्रेंच गाणी मध्यरात्री वाजवून आठवड्याचा हिशेब सहज जुळवला असता.

इथे एक बारकावा अनेकदा सुटतो. भाषेचा कोटा आणि कॅनेडियन संगीताचा कोटा हे दोन वेगळे हिशेब आहेत. बेल्जियमच्या स्त्रोमायचे गाणे फ्रेंच म्हणून मोजले जाते, कॅनेडियन म्हणून नाही. माँट्रियलच्या गायिकेचे इंग्रजी गाणे कॅनेडियन ठरू शकते, पण फ्रेंच ठरत नाही. साहजिकच क्यूबेकमध्ये केलेले फ्रेंच गाणे केंद्रचालकाला सर्वांत सोयीचे, कारण ते दोन्ही रकान्यांत बसते.

केंद्रचालकांना हा कोटा कधीच फारसा रुचला नाही. तरुण श्रोत्यांना इंग्रजी हिट गाणी हवी असतात आणि ती मिळाली नाहीत तर ते शेजारच्या इंग्रजी केंद्राकडे वळतात, ही त्यांची तक्रार जुनीच. काहींनी पळवाटही काढली. अनेक इंग्रजी गाण्यांचे तुकडे सलग जोडून एक मिश्रण करायचे आणि कागदोपत्री ते एकच गाणे म्हणून दाखवायचे. कलाकारांच्या संघटनांनी यावर आरडाओरडा केला आणि आयोगाला अशा मिश्रणांवर लगाम घालावा लागला. २०२२ च्या फेरआढाव्यात केंद्रांनी पुन्हा सवलत मागितली, पण आयोगाने फ्रेंचचे प्रमाण कायम ठेवले.

कोट्याचा आर्थिक परिणाम दुहेरी असतो. गाणे वाजले की सोकॅन ही हक्कसंस्था गीतकार-संगीतकाराला स्वामित्वधन देते. म्हणजे ६५ टक्क्यांची अट ही आडवाटेने दिलेली मिळकतच आहे. आणि वाजवायला पुरेशी नवी फ्रेंच गाणी लागतात, म्हणून ती तयार होण्यात केंद्रांचाही स्वार्थ तयार होतो.

मग निधी

याच स्वार्थातून १९८५ मध्ये 'म्युझिकाक्सियाँ' ही संस्था उभी राहिली. रेडिओ प्रसारक आणि संगीतव्यवसाय यांनी मिळून ती काढली. इंग्रजी बाजूला 'फॅक्टर' ही अशीच संस्था तीन वर्षे आधी निघाली होती. १९८६ पासून केंद्र सरकारचाही पैसा या दोन संस्थांमार्फत वाटला जाऊ लागला. आज कॅनडा म्युझिक फंडातील यांच्या वाट्याची रक्कम साधारण ६०-४० अशी विभागली जाते: साठ फॅक्टरला, चाळीस म्युझिकाक्सियाँला. एकवीस टक्के लोकांच्या भाषेला चाळीस टक्के का, असा प्रश्न इंग्रजी बाजूने अधूनमधून निघतो. खर्च दोघांचा सारखा आणि बाजार लहान, हे वर आलेले कारणच त्याचे उत्तर आहे.

वेळ महत्त्वाची होती. १९८० चे सार्वमत आणि त्यामागून आलेली मंदी यांनंतर क्यूबेकचा रेकॉर्ड व्यवसाय कोसळला होता. बहुराष्ट्रीय कंपन्यांनी स्थानिक फ्रेंच कलाकारांतून हात आखडता घेतला. ती पोकळी लहान देशी कंपन्यांनी भरली. १९८४ मध्ये निघालेली 'ऑडिओग्राम' ही त्यातली सर्वांत ठळक. निधी नसता तर यातल्या बऱ्याच दोन-तीन अल्बममध्येच मिटल्या असत्या. त्या टिकल्या आणि त्यांनी वेगळीच रचना घडवली: अल्बम काढणारी, कलाकाराचे काम पाहणारी आणि त्याचे कार्यक्रम लावणारी कंपनी बहुधा एकच. अल्बममध्ये बुडालेले पैसे दौऱ्यात भरून काढता येतात. १९७८ मध्ये स्थापन झालेल्या 'अदिस्क' या व्यावसायिक संघटनेत ध्वनिमुद्रण आणि रंगमंचीय कार्यक्रम दोन्हींचे निर्माते एकत्र आहेत, ते यामुळेच.

आज एका फ्रेंच अल्बममागे पैशाचे चार-पाच झरे असतात. म्युझिकाक्सियाँचे अनुदान हा एक. क्यूबेक सरकारची 'सोडेक' ही संस्था दुसरा. तिसरा म्हणजे ध्वनिमुद्रणावरची प्रांतिक करसवलत. ही 'परतावा' पद्धतीची आहे. कंपनीचा कर शून्य असला तरी सवलतीची रक्कम तिला रोख मिळते. तोट्यात चालणाऱ्या लहान कंपनीला साध्या करमाफीचा उपयोग नसतो, म्हणून हा फरक मोलाचा आहे. याशिवाय रेडिओ केंद्रे ठरावीक मर्यादेपुढच्या उत्पन्नाचा अर्धा टक्का संगीतविकासासाठी देतात. आणि केंद्र विकले गेले तर व्यवहाराच्या किमतीतला काही हिस्सा निधीत जातो. १९९८ च्या धोरणाने हा हिस्सा सहा टक्के ठरवला आणि त्यातला निम्मा प्रसिद्धी व विपणनासाठी राखला. त्यातून 'फों रेडिओस्टार' हा फ्रेंच निधी निघाला. ही योजना हुशारीची, पण तिचे उत्पन्न लहरी. रेडिओ केंद्रांना गिऱ्हाईक असते तोवर पैसा येतो, धंदा मंदावला की विक्रीही थांबते.

फ्रेंच म्हणजे किती फ्रेंच?

सार्वजनिक पैसा भाषेसाठी द्यायचा तर भाषा मोजावी लागते, आणि मोजणी सुरू झाली की वाद ठरलेला. माँट्रियलच्या 'डेड ओबीज' या रॅप गटाचा अनुभव गाजला. त्यांची भाषा म्हणजे माँट्रियलच्या रस्त्यावरची फ्रेंच-इंग्रजीची सरमिसळ. म्युझिकाक्सियाँच्या अटीप्रमाणे शब्दांपैकी किमान ७० टक्के फ्रेंच हवे होते. त्यांच्या अल्बममध्ये ते ५५ टक्क्यांच्या आसपास भरले आणि १८ हजार डॉलरचे अनुदान हातचे गेले.

नियमाच्या बाजूने पाहिले तर अट आधीपासून लिहिलेली होती. पण ज्या पिढीला फ्रेंचकडे ओढून ठेवायचे आहे तिची बोली जर अशीच असेल, तर अनुदान नेमके कोणत्या फ्रेंचला मिळते आहे, हा प्रश्न उरतोच. न्यू ब्रन्सविकच्या अकेडियन गायकांपुढे तो आणखी टोकदार आहे. त्यांच्या 'शियाक' बोलीत इंग्रजी शब्द पिढ्यानपिढ्या मिसळलेले आहेत. लिसा लब्लाँसारख्या अकेडियन गायिकेला क्यूबेकने डोक्यावर घेतले, पण तिचा प्रांत म्हणजे अल्पसंख्याकांतले अल्पसंख्याक. तिथे गावागावांतील अंतरे मोठी आणि प्रेक्षक थोडे, त्यामुळे नुसता दौरा काढायलाही अनुदान लागते.

श्रोता निघून गेला तर?

ही सगळी यंत्रणा एका गृहीतावर उभी होती: लोक संगीत रेडिओवर ऐकतात आणि दुकानातून विकत घेतात. २००३ मध्ये 'स्टार अकादेमी' या दूरचित्रवाणी स्पर्धेच्या अल्बमच्या पाच लाखांहून अधिक प्रती एकट्या क्यूबेकमध्ये खपल्या. तेव्हा रेडिओ, टीव्ही, मासिके आणि दुकाने एकाच दिशेने जोर लावत होती.

स्पॉटिफाय, ॲपल म्युझिक किंवा यूट्यूबवर असा कोणताही कोटा नाही. क्यूबेकच्या सांख्यिकी संस्थेच्या आकडेवारीत प्रांतातल्या स्ट्रीमिंगमध्ये स्थानिक कलाकारांचा वाटा दहा टक्क्यांच्या आतच दिसतो. सीडीच्या विक्रीत तो कितीतरी मोठा असे. गाणी उपलब्ध नाहीत असे नाही, सगळी आहेत. पण ॲपच्या पहिल्या पडद्यावर ती येत नाहीत, कारण शिफारसी जगभरच्या ऐकण्यावरून ठरतात. क्यूबेकमध्ये यासाठी सध्या एक शब्द सतत कानावर येतो: 'देकुव्राबिलिते', म्हणजे गाणे श्रोत्याला सापडण्याची शक्यता. अनुदानाने अल्बम तयार होतो, ही शक्यता मात्र विकत घेता येत नाही. आणि रेडिओचे उत्पन्न घटले की अनुदानाचा झराही आटतो, त्यामुळे फटका दोन्हीकडून बसतो.

कॅनडाने एप्रिल २०२३ मध्ये ऑनलाइन स्ट्रीमिंग कायदा केला. त्याआधारे सीआरटीसीने जून २०२४ मध्ये आदेश काढला: ज्या स्ट्रीमिंग सेवा वर्षाला कॅनडातून अडीच कोटी डॉलर किंवा अधिक कमावतात आणि कॅनडातल्या प्रसारकांशी संलग्न नाहीत, त्यांनी त्या उत्पन्नाचे पाच टक्के निधींना द्यावेत. म्युझिकाक्सियाँ आणि फॅक्टर दोन्ही त्यात आहेत. परदेशी कंपन्या न्यायालयात गेल्या आणि डिसेंबर २०२४ मध्ये केंद्रीय अपील न्यायालयाने या वसुलीला तात्पुरती स्थगिती दिली. अमेरिकेशी चाललेल्या व्यापारवादातही हा कायदा वारंवार उकरून काढला जातो.

फ्रान्सने तुलनेने सोपा रस्ता धरला. तिथे रेडिओवर फ्रेंच गाण्यांचा कोटा १९९४ च्या कायद्याने आला. कार्यक्रमांच्या तिकिटांवरचा कर राष्ट्रीय संगीत केंद्राकडे जातो आणि २०२४ पासून मोठ्या स्ट्रीमिंग सेवांच्या उलाढालीवर १.२ टक्के कर आहे. पण फ्रान्समध्ये फ्रेंच बहुसंख्याकांची भाषा आहे, आणि कर लावणारे सरकारही तेच आहे.

क्यूबेकचे तसे नाही. प्रसारण हा कॅनडात केंद्राचा विषय मानला जातो. तरीही मे २०२५ मध्ये क्यूबेकच्या सांस्कृतिक मंत्र्यांनी स्वतःचे विधेयक मांडले. डिजिटल मंचांवर फ्रेंच साहित्य-संगीत-चित्रपट ठरावीक प्रमाणात असावेत आणि सहज दिसावेत, अशी त्यातली मागणी आहे. टीव्ही संच आणि तत्सम उपकरणे बनवणारेही त्याच्या कक्षेत येतात. ॲपचा पहिला पडदा कसा असावा हे सांगण्याचा अधिकार ओटावाचा की क्यूबेक शहराचा, हा वाद त्या विधेयकासोबतच सुरू झाला आहे.