गांधी आणि ब्रँडी : एका गीतातील नाममाला

२१ नोव्हेंबर १९३४ रोजी न्यूयॉर्कच्या आल्विन नाट्यगृहात ‘एनिथिंग गोज’ ही संगीतिका रंगभूमीवर आली. तिची गीतरचना आणि संगीत कोल पोर्टर (१८९१–१९६४) यांचे होते. तिच्यातील ‘यू आर द टॉप’ हे द्वंद्वगीत एथेल मर्मन आणि विल्यम गॅक्स्टन यांनी गायिले. नाटकातील रीनो आणि बिली ही पात्रे या गीतात परस्परांची स्तुती करतात, स्वतःकडे कमीपणा घेतात, आणि स्तुतीसाठी जगातील नामांकित व्यक्तींची व वस्तूंची माळ ओवतात.

आपल्या अलंकारशास्त्राच्या परिभाषेत हे मालारूपक होय : उपमेय एक, उपमाने अनेक. परंतु चंद्र, कमळ, समुद्र ही संस्कृत कवींची उपमाने पिढ्यान्‌पिढ्या टिकून राहिली. पोर्टर यांची पुष्कळशी उपमाने त्या दिवसांच्या वर्तमानपत्रांतून आलेली आहेत. कोलोसियम, लूव्र संग्रहालय आणि शेक्सपिअरचे सुनीत यांच्या पंक्तीला येथे मिकी माउस, फ्रेड अस्टेअर, ग्रेटा गार्बोचे वेतन आणि सेलोफेन येऊन बसतात. थोर आणि किरकोळ यांच्यातील उतरंड या पंक्तीत मोडते, आणि विनोदाचा उगम तेथेच आहे.

अशा गीताचा अर्थ लावताना नावांची ओळख पटवणे पुरेसे नसते. त्या वर्षी त्या नावाचे मोल काय होते, हे ध्यानात घ्यावे लागते. मिकी माउस तेव्हा अवघा सहा वर्षांचा होता. ओलावा रोखणारे सेलोफेन १९२७ सालचे. नव्या युगाचे ते एक नवल होते. आज ते फेकून द्यावयाचे वेष्टन झाल्याने ही स्तुती उपहासासारखी भासते. गार्बोच्या वेतनाचा उल्लेखही आर्थिक मंदीच्या काळातील श्रोत्यांसमोर होत होता, हे विसरता येत नाही.

भारतीय वाचक मात्र अडखळतो तो महात्मा गांधींच्या नावापाशी. त्यांचे नाव येथे नेपोलियन ब्रँडीशी यमकाने जोडलेले आहे. दारूच्या दुकानांवरील निदर्शनांना ज्यांनी चळवळीत स्थान दिले, त्यांचा हा शेजार विलक्षणच म्हणावा लागेल. अमेरिकेतील दारूबंदी ५ डिसेंबर १९३३ रोजी, म्हणजे नुकतीच, उठली होती. ‘टाइम’ साप्ताहिकाने १९३० या वर्षासाठी गांधींना वर्षातील सर्वांत महत्त्वाची व्यक्ती ठरवले होते आणि १९३१ च्या गोलमेज परिषदेमुळे त्यांचे नाव पाश्चात्त्यांच्या तोंडी झाले होते.

या दोन नावांना एकत्र आणले ते ध्वनीने, आणि तोही अमेरिकी उच्चारातील ध्वनीने. मराठी कानाला ‘गांधी’तील दीर्घ आकार व महाप्राण दंत्य ‘ध’ आणि ‘ब्रँडी’तील मूर्धन्य ‘ड’ यांत यमक जुळत नाही. शब्दाच्या जागी पर्याय ठेवल्यास नाहीसा होतो तो शब्दालंकार, अशी मम्मटाची कसोटी आहे. येथे शब्द तोच राहूनही केवळ उच्चार बदलताच अलंकार हरपतो.

मग हा गौरव मानावा की अवमान? नाव माळेत आले, हा गौरव निश्चित आहे. परंतु कवीने प्रसिद्धी तेवढी घेतली. तिच्यामागचे जीवन बाजूला ठेवले. गार्बो असो वा गांधी, यमकाच्या व्यवहारात प्रत्येक नाव एक नाणे होते. हा व्यवहार किती स्थानिक असतो, हे वर्षभरातच दिसून आले : १९३५ मध्ये लंडनमधील प्रयोगासाठी पी. जी. वुडहाउस यांनी इंग्रज प्रेक्षकांना परके वाटणारे काही संदर्भ बदलले.

रंगमंचावर नाव क्षणभर चमकते आणि पुढच्या यमकाला वाट करून देते. टीपा देणाऱ्या अभ्यासकाला ही घाई नसते. त्या नाण्यावरची झीज पुसून मूळ मुद्रा दाखवणे, आणि तरीही श्रोत्यांचे हसू हिरावून न घेणे, हेच त्याचे काम होय.