१८८२ चे वादळ : मुंबई बेटाच्या किनाऱ्याविषयीचा एक खोटा पुरावा

एखाद्या बेटाच्या किनाऱ्याला समुद्रापासून कितपत धोका आहे हे ठरविणे, हे भूगोलज्ञांचे व अभियंत्यांचे काम असे सामान्यतः मानले जाते. परंतु अमुक तीव्रतेचे वादळ किती वर्षांनी येते हे गणित जुन्या नोंदींवर उभे असते, आणि त्या नोंदी पारखून घेतल्या नसतील तर पुढील सारी आकडेमोड व्यर्थ होय. मुंबई बेटाच्या बाबतीत नेमके हेच घडले आहे.

६ जून १८८२ रोजी मुंबईवर चक्रीवादळ आदळून एक लाख माणसे दगावली, असे विधान आपत्तींच्या कित्येक याद्यांत आढळते. १८८१ च्या शिरगणतीत मुंबईची लोकसंख्या ७,७३,१९६ होती. म्हणजे दर आठांतील एक मनुष्य मेला असे मानावे लागेल! १८९१ च्या गणतीत हा आकडा ८,२१,७६४ आहे. बाहेरून लोक आले व तूट भरून निघाली, असा आक्षेप कोणी घेईल, आणि तो अगदीच टाकाऊ नाही. पण एवढ्या संहाराविषयी तत्कालीन वृत्तपत्रांनी व सरकारी दफ्तरांनी मौन पाळले, हे कसे पटावे? २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका हवामानशास्त्रीय अभ्यासातही हे वादळ झालेच नसावे असा निष्कर्ष निघाला आहे. याद्या एकमेकींवरून उतरविल्या जातात. दहा याद्या म्हणजे दहा साक्षीदार नव्हेत.

१८८२ ची नोंद वगळली म्हणून किनारा निर्धोक ठरत नाही. मे १६१८ च्या वादळात वसई-मुंबईच्या टापूत सुमारे २,००० आणि १ नोव्हेंबर १८५४ च्या तुफानात सुमारे १,००० माणसे गेल्याच्या नोंदी आहेत. २८ नोव्हेंबर १९४५ च्या मकरान भूकंपाने उठलेली लाट मुंबईपर्यंत आली होती. तिचे स्मरण मात्र क्वचितच होते. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ वादळ मुंबईच्या दक्षिणेस रायगडच्या किनाऱ्यावर चढले.

याहून दुर्लक्षित असा एक पुरावा स्थलनामांत आहे. वरळी व महालक्ष्मी यांमधील खिंडारातून भरतीचे पाणी पूर्वी बेटाच्या पोटात शिरत असे. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात, गव्हर्नर हॉर्नबीच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या बांधाने ते अडविले. पायधुनी हे नाव त्या पाण्यात पाय धुण्यावरून पडले असे सांगतात. उमरखाडीच्या नावात तर खाडी उघडच आहे. नकाशावर आज दिसणारा किनारा पुष्कळ ठिकाणी माणसाच्या बांधाचा व भरावाचा आहे. सखल जमिनीचा धोका मोजताना त्याच्या आतली ही जुनी रेषाही आखावयास हवी.