जुना घडीचा चाकू की आधुनिक फोल्डर? संग्राहकांचा जीव नेमका कशात अडकतो

पातं जिथे मुठीत शिरतं तिथे बारकाईने पाहिलं की काही छोटे ठिपके दिसतात. दहा ठिपके असतील तर चाकू १९७० सालचा, नऊ असतील तर १९७१ चा. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यात ब्रॅडफर्ड नावाचं गाव आहे. तिथली ‘केस’ ही जुनी कंपनी १९७० पासून दरवर्षी एकेक ठिपका कमी करत गेली आणि १९७९ ला एकच उरला. पात्यावरचा आकडाही असाच बोलका असतो. ६२५४ मधला ६ म्हणजे मूठ हाडाची, २ म्हणजे पाती दोन आणि ५४ म्हणजे ‘ट्रॅपर’ या घाटाचा क्रमांक. सुरुवातीला ६ ऐवजी ५ असेल तर मूठ हरणाच्या शिंगाची.

संग्राहकांना जुन्या चाकूंचा नाद लागतो तो इथून. चाकू हातात घेतला की तो स्वतःच आपली जन्मपत्रिका सांगतो.

तरीही गेल्या तीस-चाळीस वर्षांत संग्राहकांची दुसरी जमात उभी राहिली आहे. तिला हाड, शिंग, ठिपके यांचं फारसं काही नाही. तिला हवं असतं टायटॅनियम, पावडर पोलाद आणि एका अंगठ्याने उघडणारं पातं.

‘पारंपरिक’ म्हणजे नेमकं काय?

घडीच्या चाकूंच्या दुनियेत पारंपरिक म्हणजे बहुतेक वेळा ‘स्लिपजॉइंट’. यात पातं अडकवणारा खटका नसतो. मुठीच्या पाठीत एक पोलादी पट्टी असते, तिच्या ताणामुळे पातं उघडं किंवा बंद राहतं. उघडायला दोन हात लागतात आणि पात्यावरच्या खाचेत नख घालावं लागतं. जाणकार पातं उघडताना कान देऊन आवाज ऐकतात. ‘खट्’ असा भरीव आवाज आला तर पट्टीत जोर आहे. मेल्यासारखा आवाज आला तर चाकू झिजलाय किंवा कुणीतरी उघडून पुन्हा जोडलाय.

इंग्लंडचं शेफील्ड, जर्मनीचं झोलिंगेन आणि फ्रान्सचं तिएर ही या कामाची जुनी गावं. फ्रान्समधल्या साव्हॉयचा लाकडी मुठीचा ओपिनेल १८९० पासून बनतोय. जपानच्या मिकी गावचा ‘हिगोनोकामी’ म्हणजे दुमडलेल्या पत्र्याची मूठ आणि साधं पातं. एके काळी तिथली शाळकरी पोरं त्याने पेन्सिली तासायची. आता ते नाव अधिकृतपणे वापरणारं एकच घराणं उरलंय.

खटका ही आधुनिक गोष्ट आहे असं समजणं मात्र चूक. स्पेनच्या जुन्या ‘नवाखा’ चाकूत तो होता आणि आपल्याला सिनेमांमुळे माहीत असलेल्या रामपुरीतही असतो. ‘वक्त’ (१९६५) मधला राजकुमार आठवला की रामपुरी आठवतोच. उत्तर प्रदेशातल्या रामपूर शहराने तर २०२३ मध्ये चौकात सुमारे वीस फुटी चाकूच उभा केला.

मग नवीन काय आलं?

१९६४ च्या सुमारास बक कंपनीने ‘११०’ हा चाकू आणला. पितळेची टोकं, लाकडी मूठ आणि पाठीवर मजबूत खटका. शिकारीला म्यानातला लांब चाकू न्यायची गरजच संपली. मग १९८१ मध्ये स्पायडर्कोने खिशाला अडकवायची क्लिप आणि पात्याला गोल भोक दिलं. भोकात अंगठा घालून एका हाताने पातं उघडायचं. साधी गोष्ट, पण दोरीवर लोंबकळणाऱ्या किंवा दुसऱ्या हातात दावं धरलेल्या माणसाला तिचं मोल विचारा. याच दशकात मायकेल वॉकर यांचा लायनर लॉक आला. पुढे मूळचे दक्षिण आफ्रिकेचे ख्रिस रीव्ह यांनी वेगळी पट्टी न लावता मुठीचीच बाजू खटका म्हणून वापरली.

पोलादही बदललं. जुन्या चाकूत साधं कार्बन पोलाद असतं. उदाहरणार्थ १०९५, यात सुमारे ०.९५ टक्के कार्बन. त्याला दगडावर चटकन धार येते, पण लिंबू कापून तसंच ठेवलं तर ते काळं पडतं आणि पुढे गंजतं. २००१ मध्ये आलेल्या एस३०व्ही सारख्या पावडर पोलादाची धार कितीतरी जास्त टिकते आणि गंजही सहज धरत नाही. रोजच्या कामाचं हत्यार म्हणून पाहिलं तर नवा चाकू सरस आहे, यात वाद नाही.

पण संग्राहक फक्त कामाचं हत्यार विकत घेत नसतो. नव्या पोलादाचं मोबाईलसारखं होतं. आज जे सर्वांत भारी, ते चार वर्षांनी ‘जुनं मॉडेल’ ठरतं. सत्तर वर्षांपूर्वीच्या ट्रॅपरला ही भीती नाही, तो आधीच जुना आहे.

शिंगाची गोष्ट, जी भारतात सुरू होते

जुन्या पाश्चात्त्य चाकूंवर ‘स्टॅग’ म्हणून जी खडबडीत, पिवळसर-तपकिरी मूठ दिसते, तिचा कच्चा माल बऱ्याचदा आपल्याकडून गेलेला असे. सांबराचं शिंग आतून जास्त भरीव असतं, त्यामुळे ते मुठीला उत्तम. सांबर दरवर्षी शिंगं गाळतं. जंगलात गोळा केलेली ही शिंगं शेफील्डला, झोलिंगेनला आणि अमेरिकेला जात. पण गळलेली शिंगं कोणती आणि मारलेल्या जनावराची कोणती, हे पोत्यात पाहून कोण सांगणार? १९९० च्या दशकाच्या अखेरीस भारताने ही निर्यात बंद केली. तेव्हापासून जुन्या सांबर-शिंगाच्या मुठींचा भाव चढला. आज ‘स्टॅग’ या नावाखाली दुसऱ्या हरणांची शिंगं, रंगवलेलं हाड आणि चक्क प्लास्टिकही विकलं जातं.

भारतात राहणाऱ्याने इथे जपून राहावं. शिंग किंवा हस्तिदंत लावलेली वस्तू हौसेने विकत घेतली तरी वन्यजीव कायद्याची अडचण उभी राहू शकते. ‘आम्हाला माहीत नव्हतं’ हे उत्तर चालत नाही.

कपाटात ठेवून खराब होणारे चाकू

नवशिक्याची पहिली चूक ठरलेली असते. जुना चाकू मिळाला की तो घासूनपुसून चकचकीत करतो, धार लावतो. झालं, किंमत तिथेच पडली. पात्यावरची करडी-निळसर झाक म्हणजे घाण नव्हे, ती वयाची खूण आहे. धार लावताना पातं किती झिजलं हेही जाणकाराला मूळ घाटाशी ताडून लगेच कळतं. कारखान्यातून आला तसा, कधीच धार न लावलेला जुना चाकू सर्वांत महाग, तो याचमुळे.

दुसरी चूक जास्त महागात पडते. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातल्या कित्येक चाकूंना सेल्युलॉइडच्या रंगीबेरंगी मुठी आहेत. दिसायला लाजवाब. पण हा पदार्थ म्हणजे नायट्रोसेल्युलोज, म्हणजे जुन्या सिनेमाच्या रिळांचाच भाऊबंद. वर्षानुवर्षांनी तो विघटित होऊ लागतो आणि त्यातून आम्लयुक्त वाफा निघतात. त्याने त्याचं स्वतःचं पातं तर गंजतंच, पण त्याच बंद डब्यात ठेवलेले शेजारचे चांगले चाकूही गंजतात. म्हणून अनुभवी संग्राहक सेल्युलॉइडचे चाकू वेगळे आणि हवेशीर ठेवतात. कातडी म्यानात कायमचा ठेवलेला चाकूही असाच बिघडतो, कारण कातडं ओल धरतं आणि कमावताना वापरलेली रसायनं धातूला लागतात.

टायटॅनियमवाल्यांना यातलं काहीच सोसावं लागत नाही. त्यांची डोकेदुखी वेगळी, हुबेहूब नकला. नामांकित मॉडेलची नक्कल पेटीसकट मिळते आणि फोटोवरून ओळखणं कठीण असतं. अर्थात जुन्यांतही ठग आहेतच. मोडका चाकू उघडून दुसरं पातं बसवणं किंवा स्वस्त पात्यावर नामांकित शिक्का उठवणं जुनंच.

सीमारेषा कुठे पुसली जाते

‘दमास्कस’चं घ्या. पात्यावर लाटांची नक्षी दिसली की लोक त्याला हजार वर्षांची परंपरा समजतात. मध्ययुगातल्या मूळ दमास्कस तलवारी मुशीत वितळवून केलेल्या वूट्झ पोलादाच्या होत्या आणि ते पोलाद दक्षिण भारतातूनही जात असे. आज बाजारात मिळतं ते वेगवेगळ्या पोलादांचे थर एकत्र ठोकून केलेलं. ही पद्धतही जुनीच, पण अमेरिकेत ती पुन्हा रुजली बिल मोरन यांनी १९७३ मध्ये अशी पाती दाखवल्यावर. मोरन यांच्या पुढाकाराने १९७६ मध्ये स्थापन झालेली अमेरिकन ब्लेडस्मिथ सोसायटी आजही लोहारांची परीक्षा घेते. एकाच पात्याने टांगलेली एक इंच जाड दोरी एका घावात तोडायची, लाकडी फळी दोनदा तोडायची, त्यानंतरही हातावरचे केस निघाले पाहिजेत. शेवटी तेच पातं शिकंज्यात धरून ९० अंश वाकवायचं, ते मोडता कामा नये.

उलट बाजूला कॅलिफोर्नियाचे बॉब लव्हलेस (निधन २०१०). त्यांनी ठोकून नव्हे, तर पोलाद घासून चाकू केले आणि तेही तेव्हाच्या अगदी नव्या पोलादाचे. तरीही त्यांचे चाकू जगातल्या सर्वांत महाग हस्तनिर्मित चाकूंत गणले जातात. म्हणजे नव्या चाकूलाही मोल येतं, पण एका माणसाचा हात त्यावर दिसावा लागतो.

कायदाही पसंती ठरवतो. इंग्लंडमध्ये तीन इंचांपर्यंतचा बिनखटक्याचा घडीचा चाकू खिशात बाळगता येतो, खटकेवाल्याला मात्र योग्य कारण द्यावं लागतं. जर्मनीतही एका हाताने उघडून अडकणाऱ्या चाकूवर असंच बंधन आहे. त्यामुळे तिथे आजोबांच्या काळातला स्लिपजॉइंट नव्याने खपतो. आपल्याकडे शस्त्र नियमांत ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याचे चाकू शस्त्र म्हणून मोडतात. त्यातून घरगुती, शेती आणि उद्योगाच्या कामाचे चाकू वगळलेले आहेत, म्हणूनच विळी आणि कोयता घरोघरी असतात. याहून छोटा चाकूही गर्दीत, विमानतळावर किंवा मेट्रोत नेला तर अडचण होतेच.

पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात जुने अडकित्ते काचेआड मांडले आहेत. घरात असा जुना अडकित्ता किंवा चाकू सापडला, तर ब्रश मारण्याआधी तो कोणत्या काळातला हे विचारून घ्यावं. शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू १९७२ च्या कायद्यानुसार पुरावस्तू ठरू शकते आणि ती खासगीरीत्या परदेशी पाठवता येत नाही.